मातीचं विरजण

डोंगरताळात विरजण मागायला गेलेली बाई रिकाम्या वाटीनं परत आली, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. बोलचाल बंद असो, बांधावरून कोर्टकचेरी चालू असो, दिवेलागणीच्या आत दारात आलेल्या वाटीत चमचाभर दही पडायचंच. त्यामुळे एखाद्या घरचं विरजण संपलं तरी त्या घरची बाई निर्धास्त असायची. आपल्याकडे नाही तर शेजारी असेल, शेजारी नाही तर पलीकडच्या गल्लीत. हा भरवसा इतका जुना होता की तो भरवसा आहे हेही कुणाच्या ध्यानात नव्हतं. पुढे गावाचं जे झालं ते या भरवशापायीच झालं, आणि तो दुधातून उचलून मातीत नेऊन ठेवला योगिता दांडगेनं.

तेव्हा गावातल्या आज्यांची नावं शीतल, प्रियांका आणि अश्विनी अशी असायला लागली होती आणि नातवंडं त्या जुनाट नावांना हसत होती. डोंगरताळ अजिंठ्याच्या डोंगराला टेकलेलं. जमीन मुरमाड, पीक एकच, मका. या मुरमात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतं, पण कुलूप लावलेल्या कोठारासारखं. दगडाला धरून बसलेलं. पिकाला ते बाहेरून गोणीतून द्यावं लागायचं. आणि ज्या देशांच्या खाणींतून त्या गोण्यांचा खडक यायचा, त्या देशांनी एकामागून एक तो आपापल्या घरी ठेवायचं ठरवलं होतं. डीएपी खताची गोणी आता लग्नात आहेर म्हणून चालली असती.

अशा वेळी ओजस सबनीस गावात आला. एका संशोधन संस्थेतला कोवळा शास्त्रज्ञ, बोलताना चष्मा पुसायची सवय, माणूस सरळ. त्याच्याबरोबर तीन गोष्टी होत्या: एक नवं बियाणं, एक काळपट भुकटी आणि एक यंत्र.

योगिता बचत गटाची अध्यक्ष होती. बारावी झालेली, बोलण्यात हार न जाणारी. गावात नवं काही आलं की ते आधी तिच्या ओसरीवर यायचं. शेजारच्या घरात तिची थोरली जाऊ मंदाकिनी राहायची. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. दोघींच्या घरांची भिंत एक, शेतांचा बांध एक आणि स्वभाव मात्र दोन टोकांचे. योगिता दहा वाक्यं बोलायची तेव्हा आक्काचं एक यायचं, तेही पुष्कळदा अर्धं.

पण योगिताचा जीव होता आक्कावर. लग्न होऊन आली त्या पहिल्याच महिन्यात तिनं पाहुण्यांसाठी घरातलं सगळं दही घुसळून ताक करून टाकलं होतं. विरजणापुरतंही ठेवलं नव्हतं. सासू कडक. तिला कळायच्या आत आक्कानं भिंतीवरून एक पितळी वाटी अलीकडे सरकवली आणि म्हणाली, "समदं संपवायचं नसतं गं. चमचाभर मागं ठिवायचं." त्यानंतर दुधात विरजण घालताना योगिताला दर वेळी ते वाक्य आठवायचं. दुधापुरतंच आठवायचं, एवढीच काय ती खोट.

ओजसच्या यंत्राचं नाव होतं कानोसा. सायकलच्या आऱ्याएवढी बारीक सळई, तिला मुठीएवढी डबी. सळई मुळांजवळ मातीत खुपसली की डबीतून आवाज यायचा. गावानं ते खेळणंच समजलं. ओजसनं मग योगिताच्या शेतात सगळ्यांना उभं करून समजावून सांगितलं.

मुळं हाक मारतात, तो म्हणाला. मक्याला स्फुरद कमी पडलं की मुळातून एक रस पाझरतो, अगदी कणभर. मातीत झोपलेल्या मुळबुरशीला त्या रसाचा वास लागतो. ती जागी होते, धागे फुटतात, ते मुळाच्या आत शिरतात आणि सौदा होतो. पानांनी उन्हात केलेली साखर मका तिला देतो. बदल्यात केसाहून बारीक धाग्यांनी ती मुरमाच्या अशा फटींतून स्फुरद आणि पाणी ओढून आणते, जिथं मुळाचा हात पोहोचत नाही. पोट भरलं की मका हाक मारायचा थांबतो. कानोसा तो रस हुंगतो आणि त्याचा आवाज करतो, इतकंच.

मग त्यानं सळई संकरित मक्याच्या मुळाशी खोचली. डबी गप्प. याला तीन-चार पिढ्या आयतं ताट मिळालं, ओजस म्हणाला, त्यामुळे हा हाक मारायचंच विसरला. नंतर त्यानं आपल्या नव्या वाणाला सळई लावली. त्याचं नाव साद. दूर डोंगरपट्ट्यातल्या एका जुन्या मक्याचं हाक मारायचं जनुक त्यात घातलं होतं. डबीतून रातकिडे ओरडावेत तसा आवाज सुरू झाला आणि सगळे दचकून मागे सरले.

कुणीतरी म्हणालं, बांधावर आक्काची कवडी आहे, तिचंही ऐकू या.

कवडी म्हणजे गावाचा जुना मका. कणीस वीतभर, दाणे कवड्यांसारखे पांढरे आणि वेडेवाकडे. बाजारात तिला कवडीमोल भाव, म्हणून नाव बसलं असंही थट्टेनं म्हणत. एके काळी घरोघरी होती. कवडीचं बी कुणाला देताना कोरडे दाणे देत नसत. गेल्या साली जिथं झाड उभं होतं तिथलं मुळासकट ढेकूळ द्यायचं आणि त्यात दाणे खोचायचे. का, ते कुणी सांगत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. दारात रांगोळी का काढतात हे तरी कोण विचारतं? एव्हाना बहुतेक घरी कवडी परसातल्या चार-दोन झाडांवर आली होती. बांधालगत सलग पट्टा राहिला होता तो फक्त आक्काचा.

ओजसनं सळई खोचली. टिक, असा एकदा आवाज आला आणि डबी गप्प झाली.

"ही तं मुकीच हाये," योगिता म्हणाली. लोक हसले. योगिता हसवण्यासाठीच बोलली होती, त्यात वाईट काही नव्हतं. आक्का मागे उभी होती. ती हसली नाही.

साद हाक मारणार, पण ऐकायला बुरशी हवी. तीच त्या काळ्या भुकटीत होती. संस्थेनं शेकडो बुरश्यांतून सर्वांत चपळ अशी एक निवडून वाढवली होती. बायकांना मात्र हे काही केल्या पटेना. मूठभर भुकटीनं एकराचं खत कसं होणार? ओजस चष्मा पुसून पुसून दमला. तेव्हा योगिता उठली.

"अगं, इरजन हाये ते," ती म्हणाली. "दूध आपलंच, भांडं आपलंच. चमचाभर घालायचं आन् झाकून ठिवायचं."

झालं. एका शब्दानं काम केलं. बायकांच्या माना डोलल्या, पुरुषांनाही आपल्याला आधीपासूनच कळलं होतं असं वाटायला लागलं. ओजस इतका खूश झाला की पुढच्या वर्षी भुकटीच्या पुड्यांवर 'विरजण' हेच नाव छापून आलं. योगितानं तो पुडा देवघराजवळच्या फळीवर मांडून ठेवला होता, आल्यागेल्याला दिसावा म्हणून.

अट एकच होती. संस्थेची बुरशी अख्ख्या शिवारात पसरून एकच जाळं विणणार होती. खालच्या वावरातली ओल वरच्या बरडाला, वरचं स्फुरद खालच्याला. पण मातीत आधीपासून राहणाऱ्या बुरश्या नवीला बसू देत नाहीत. त्यांना आधी उठवायला हवं होतं. त्यासाठी संस्थेचं यंत्र जमिनीत तापती वाफ सोडत जाणार होतं. गावानं त्याला नाव दिलं वाफारा. एकही पट्टा, एकही बांध मध्ये सोडून चालणार नव्हतं. सोडला तर जाळं तिथं तुटलं असतं.

ग्रामसभेत ओजसनं विचारलं, कुणाची हरकत? दांडग्यांच्या दोन्ही घरांच्या वतीनं योगितानं हात वर केला आणि आमची नाही म्हणून सांगितलं. आक्काला विचारायचं तिच्या मनात आलं होतं. पण आक्का चार दिवस विचार करणार, मग अर्धं वाक्य बोलणार, आणि तोवर यंत्र दुसऱ्या गावाला जाणार. तिनं स्वतःला समजावलं की आक्काचं हित आक्काहून आपल्याला जास्त कळतं. आपल्या माणसाच्या बाबतीत असं वाटणं किती सोपं असतं!

वाफारा यायच्या आदल्या दिवशी आक्का योगिताच्या दारात आली. हातात तीच पितळी वाटी होती. वाटीत मातीचं ढेकूळ, त्यातून लोंबणारी मुळं आणि खोचलेले दहा-बारा पांढरे दाणे.

"माझ्या बांधाला तं उद्या वाफ देणार," ती म्हणाली. "परसाला देत नाईत म्हने. माझ्या दारात समदा शिमिट हाये. तुझ्या परसात लाव. पुढं मला लागली तं ह्याच वाटीत भरून दे."

"देईन की," योगिता म्हणाली. "शब्द देते, आक्का."

आक्कानं मान हलवली आणि ती गेली. पूर्ण वाक्यं ती एवढी सलग कधी बोलली नव्हती. योगिताला ते जाणवलंही. पण त्या दोघींत ते पुढच्या आठ वर्षांपुरतं शेवटचं बोलणं ठरेल असं तिला वाटलं नव्हतं. वाफारा फिरला, बांधावरच्या मातीतून वाफ निघताना आक्का लांबून बघत राहिली आणि त्या दिवसापासून तिनं योगिताशी बोलणं सोडलं. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. निरोप असला तर पोरांच्या तोंडी. योगिता आधी दुखावली, मग रागावली, मग तिला सवय झाली. भिंत एक असलेल्या घरांत अबोला पाळायला फार ताकद लागते, पण एकदा पाळला की तो आपोआप चालतो.

पुढची वर्षं मात्र डोंगरताळासाठी सुखाची गेली. आता वावरोवावरी कानोसे खोचलेले असायचे. पेरणीनंतर शिवारभर साद हाका मारायची, बुरशी मुळांत शिरायची, आणि एकेक करत डब्या शांत व्हायच्या. लोक संध्याकाळी बांधावर बसून ती शांतता ऐकायचे. गोणी नसतानाही कणसं हातभर आली. आसपासच्या गावांनी वाफारा मागून घेतला. तालुक्यात कुठंही मका दिसला तर तो साद, आणि मुळात बुरशी असली तर ती एकच. योगिताला लोक विरजणवाल्या बाई म्हणायला लागले आणि तिला ते आवडायचं.

परसातली कवडी पहिली दोन वर्षं तिनं नेमानं लावली. मोरीच्या मागे चार झाडं. तिसऱ्या वर्षी थोरल्या लेकीचं लग्न निघालं. मांडव घालायला परस लागणार होतं, नवरा भास्कर म्हणाला, चिखल नको, सिमेंटचे ठोकळे बसवून घेऊ. योगितानं कवडीची कणसं काढून मडक्यात ठेवली, आणि मुळं खाली असतानाच त्यांवर ठोकळे बसले. क्षणभर तिच्या मनात ते ढेकूळ आलं. मग ती स्वतःशीच म्हणाली, आक्का ती. मला दिली म्हणजे काय तिनं स्वतःला ठेवली नसेल? कुठल्या तरी डब्यात, टोपलीत, गच्चीवर चार झाडं असणारच. ती काय सगळं संपवणारी बाई आहे? मडक्यातल्या दाण्यांना पुढच्या पावसाळ्यात किडीनं पोखरलं, तेव्हाही तिनं हाच विचार केला आणि मडकं घासून ठेवलं.

मग एका वर्षी डब्या शांत झाल्याच नाहीत.

पेरणी होऊन रोपं गुडघ्याला लागली तरी शिवारभर आवाज चालूच. आधी खालच्या अंगाला, मग सगळीकडे. साद हाका मारत होती आणि कुणी येत नव्हतं. पानं जांभळी पडायला लागली. स्फुरदाची भूक अशीच दिसते. लोकांनी विरजणाचे नवे पुडे आणून घातले, दुप्पट घातले. काही उपयोग झाला नाही. पुड्यातलंच विरजण मेलेलं होतं.

ओजस आला. आता त्याचे केस विरळ झाले होते. त्यानं मुळं कापून पाहिली, नमुने पाठवले आणि मग योगिताच्या ओसरीवर येऊन खाली मान घालून बसला. बुरशीला रोग झालाय, तो म्हणाला. बुरशीलाही विषाणू लागतो. एरवी शेतात वीस-पंचवीस जातींच्या बुरश्या असतात. एक मेली तर दुसरी तिची जागा घेते. इथं एकीच्याच लेकी साऱ्या शिवारात होत्या, तेही एकमेकींच्या धाग्याला धागा जोडून. एकीला झालं ते त्याच धाग्यांनी सगळीकडे पोहोचलं. संस्थेच्या कारखान्यातही तीच, तिथंही तेच.

त्यानं आणखी एक वाईट बातमी सांगितली, पण ती गावानं आधीच पाहिली होती. मक्याच्या बुडाशी बारीक पांढरी फुलं यायला लागली होती. टारफुला. दुसऱ्याच्या मुळावर जगणारं तण. त्याचं बी मातीत वीस-वीस वर्षं झोपून राहतं आणि जागं होतं ते मुळाच्या याच हाकेनं. मित्राला मारलेली हाक शत्रूलाही ऐकू जाते. पूर्वीच्या हाका हळू असायच्या, लवकर थांबायच्या. टारफुल्याच्या पुष्कळशा बियांना जाग यायच्या आत सगळं मिटायचं. साद इतकी मोठ्यानं आणि इतका वेळ ओरडत राहिली की जमिनीत होता नव्हता तेवढा टारफुला उठून बसला.

 योगितानं विचारलं, "सर, मंग आक्काची कवडी मुकी कशी व्हती?"

ओजसनं चष्मा काढला, पण पुसला नाही.

"मुकी नव्हती, ताई," तो म्हणाला. "एकदा टिक झालं होतं ना? तेवढ्यात तिला उत्तर मिळत होतं. ज्याच्या घरात माणूस आधीच बसलाय तो दारात उभा राहून कशाला ओरडेल? आम्ही हाक मोजली. उत्तर मोजलं नाही."

कवडीचे दाणे संस्थेच्या शीतकपाटात होते. धुतलेले, वाळवलेले, सुरक्षित. पण तिच्या मुळांतल्या बुरश्या कुणी ठेवल्या नव्हत्या. त्या जिवंत मुळाशिवाय वाढत नाहीत, आणि त्यांचे झोपलेले कणही काही वर्षांत संपतात. डोंगरावरच्या गवताला बुरशी आहे, ओजस म्हणाला, पण ती या मुरमाशी आणि मक्याशी जमवून घेईपर्यंत एखादी पिढी जाईल. कुठं एका परसात, एका कुंडीत, जुन्या मातीसकट कवडी अजून उभी असली तर मात्र तेवढ्यावरून पुन्हा सुरू करता येईल. एक ढेकूळ पुरे.

"एक ढेकूळ ना?" योगिता म्हणाली, आणि तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हायसं वाटलं. हे डोंगरताळ होतं. इथं वाटी रिकामी परत येत नाही.

ती सकाळीच निघाली. फरकाड्यांच्या अश्विनीआजी म्हणाल्या, आमची कवडी तर सुनेनं कधीच काढली, पण जंजाळांकडे बघ, त्यांच्या गोठ्यामागे असेल. जंजाळ म्हणाले, गोठा पाडला तेव्हा गेली. सोनवण्यांकडे आहे की. सोनवण्यांच्या घरी सगळ्यांना खात्री होती की कवडी काकड्यांकडे आहे, कारण त्यांनीच काकड्यांना दिली होती. काकड्यांना ती कुणी दिल्याचं आठवत नव्हतं, पण फरकाड्यांकडे नक्की असेल असं ते म्हणाले. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक घरी लोक अगदी मनापासून बोलले आणि प्रत्येकानं पुढचं दार दाखवलं. कुणालाच काळजी वाटत नव्हती. काळजी फक्त चालत फिरणाऱ्या योगिताला वाटायला लागली होती, आणि दर दाराला ती वाढत होती.

गावाच्या शेवटी म्हातारे कौतिकराव बाजेवर बसलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "तू बी गावभर काहून हिंडती? मंदाकिनीकडं असंल की. आम्ही समद्यांनी तिच्या भरवशावरच तं सोडली."

योगिता तिथंच उभी राहिली. तिनंही तेच तर केलं होतं. आठ वर्षांच्या अबोल्यात आक्काविषयी तिच्या मनात बरंच काही कडू साठलं होतं, पण आक्का काही संपू देणार नाही याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती. आता मात्र आली. आपण दिलेल्या शब्दावर आक्काचा विश्वास असेल, हे तिनं इतकी वर्षं मनात येऊच दिलं नव्हतं.

ती घरी आली. फळीवरून पितळी वाटी काढली, चिंच लावून घासली. रिकामं भांडं परत करू नये, म्हणून तिनं वाटी साखरेनं भरली, वर रुमाल झाकला आणि शेजारच्या दारात गेली. आक्का घरी नव्हती. सून म्हणाली, सकाळपासून वावरात आहे.

आक्का बांधालगत होती. जिथं पूर्वी कवडीचा पट्टा होता तिथली साद तिनं उपटून बाजूला टाकली होती, टारफुला मुळासकट काढला होता आणि हातभर रुंद माती कुदळीनं उकरून, शेणकाला शिंपडून तयार केली होती. सत्तरीकडे झुकलेली बाई घामानं भिजली होती. योगिताला येताना पाहून ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि आठ वर्षांनी तिच्याशी बोलली.

"ये. किती येळ लावला," ती म्हणाली. तिची नजर वाटीवर होती. "सकाळी ओजस आला व्हता माझ्याकडं बी. मी सांगितलं त्याला, काळजी नको करू. आमच्या योगिताकडं हाये. आमचं बोलनं नसंल, पन तिनं शब्द दिलाय."

योगितानं वाटी पुढे केली. दुसरं काही करणं तिला सुचलं नाही. आक्कानं मातीचे हात लुगड्याला पुसले आणि हलक्या हातानं रुमाल उचलला.

साखर उन्हात चमकत होती. आक्का तिच्याकडे बघत राहिली, जणू तिच्याखाली ढेकूळ असेल.

"मला वाटलं, तुमच्याकडं असंल," योगिता म्हणाली.

"माझ्याकडं कशी असंल?" आक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता. लहान मुलाला समजावून सांगावं तशी ती बोलत होती. "तुला दिली ना मी."

योगिताला वाटलं, आक्कानं ओरडावं, गावासमोर आपलं नाव घेऊन रडावं, आठ वर्षांचं सगळं आज काढावं. आक्कानं तसं काही केलं नाही. ती बांधावर बसली आणि वाटी तिनं मांडीवर ठेवली. मग योगिताच रडली. रडता रडता ती ठोकळ्यांचं, मांडवाचं, मडक्याचं सगळं सांगत सुटली. आक्का ऐकत होती. शेवटी ती इतकंच म्हणाली, की बोलायला पाहिजे होतं गं आपण. एकदा जरी मी विचारलं असतं ना, कवडी कशी हाये म्हणून. योगिताला त्यात स्वतःचा दोष मोठा दिसत होता आणि आक्काला स्वतःचा. कुणाचा किती, हे मोजून आता बांधावर काही उगवणार नव्हतं.

ओजसनं शीतकपाटातले दाणे आणून दिले. आक्कानं तयार केलेल्या त्या पट्ट्यात दोघींनी ते टोकले. ओजस आधीच म्हणाला होता की आशा ठेवू नका. दाणे चांगले होते, रोपं वर आली, तशीच बुटकी, रुंद पानांची. त्यांच्या बुडाशी ओजसनं कानोसा खोचून ठेवला आणि तो दुसऱ्या गावाला गेला. तिथंही हीच रड होती.

एका सकाळी योगिता पाणी द्यायला गेली तेव्हा आक्का आधीच तिथं बसलेली होती. डबी वाजत होती. टिक. थोड्या वेळानं पुन्हा टिक. साद ओरडायची तसा तो आवाज नव्हता. घरातलं माणूस शेजारच्या खोलीत आहे असं समजून कुणीतरी हळू आवाजात बोलवावं आणि उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा बोलवावं, तसा होता. कवडीला ओरडायची सवयच नव्हती. इतक्या पिढ्यांत तिला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नव्हती.

टिक. टिक. योगिताला ते ऐकवेना. ती वाकली आणि तिनं डबीच्या बटणाकडे हात नेला.

आक्कानं तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "यायला कुनी नाई. ऐकायला तं असू दे."

योगितानं हात मागे घेतला आणि ती आक्काच्या शेजारी बांधावर बसली.